छातीत कळ आल्यास प्रथम मनगट शोधावे

परवा सकाळी मला ॲक्युपंक्चरच्या शिबिरातून फोन आला. "तुमच्या अण्णांच्या चार सिटिंग शिल्लक आहेत, पैसे भरलेले आहेत, मंगळवारी घेऊन येता का?" आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू, आदल्याच दिवशी अतिदक्षता विभागातून साध्या खाटेवर आले होते. इतक्या आस्थेने हिशेब ठेवणाऱ्या माणसाचे उपकार कसे फेडावेत, या विचारात दिवस गेला. अखेर असे ठरवले की परभणीच्या त्या मंगल कार्यालयात चाळीस मिनिटांत मला जे शिक्षण मिळाले, ते आपल्यासारख्या सुजाण वाचकांपर्यंत पोहोचवावे, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावर सुया टोचून, बिंदू दाबून आणि काटेरी लाकडी रोलर फिरवून घेऊ इच्छिणाऱ्यांची गैरसोय होणार नाही.

प्रथम निदान. त्यासाठी डॉक्टरांकडे धाव घेण्याचे कारण नाही, कारण छातीत जे काही होते त्याचे गॅस हे नाव आधीच ठरलेले असते आणि ते जाहीर करण्याचा अधिकार गल्लीतल्या प्रत्येकाला असतो. पुस्तकी मंडळी उगाच दोन प्रकार सांगतात. जिना चढताना किंवा जेवणानंतर भरभर चालताना छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटते आणि थांबले की काही मिनिटांत ते ओझे उतरते, हृदयाला रक्त कमी पडून येणाऱ्या या कळेला ते स्थिर एंजायना म्हणतात. बसल्या जागी उठलेली, जबड्यात किंवा डाव्या हातात उतरणारी, बनियन घामाने भिजवणारी आणि विसावा घेऊनही न हटणारी कळ मात्र त्यांच्या मते झटक्याची असू शकते. आपण असा भेदभाव करू नये. मधुमेह असलेल्यांना तर कधी कळ न येताच झटका येतो, नुसता दम लागतो किंवा घाम सुटतो; त्यांच्या दाबण्याची जागा सापडत नसल्यास दोन्ही मनगटे दाबून घ्यावीत.

उपचारकाची निवड फलक पाहून करावी. आमच्या शिबिराच्या फलकावर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र होते आणि त्याखाली हसऱ्या मुद्रेने शिबिराचे संचालक उभे होते. सोलापूरचे कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ते शल्यचिकित्सक होते आणि आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, ही बारीक गोष्ट फलकावर मावली नसावी.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पुरावा. पुरावा मागू नये, आणि कोणी आपण होऊन दाखवल्यास तो वाचू नये. मी वाचला, तेथेच चुकलो. संचालकांच्या टेबलावर काचेखाली एका इंग्रजी लेखाचे पहिले पान ठेवलेले होते आणि "चीनमध्ये सिद्ध झाले आहे" असे ते प्रत्येकाला सांगत होते. तो लेख २०१९ साली अमेरिकेच्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आलेला आहे आणि तो खोटा मुळीच नाही. चीनमधल्या ४०४ रुग्णांचे चार गट केले होते. एका गटाला हृदयाशी संबंधित मानलेल्या रेषेवरच्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्या रेषेवरच्या बिंदूंवर, तिसऱ्याला लुटुपुटीच्या सुया, आणि चौथ्याला नुसती वाट पाहायला लावली. चार आठवड्यांत १२ सत्रे झाली आणि १६ आठवडे पाठपुरावा झाला. पहिल्या गटात कळ येण्याचे प्रमाण दर चार आठवड्यांना सुमारे आठ वेळांनी घटले, लुटुपुटीच्या गटात तीनहूनही कमी वेळांनी. ही दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि माझ्या रागापायी मी ती नाकारणार नाही. पण त्याच लेखात असेही आहे की हे सर्व रुग्ण स्थिर एंजायनाचे होते, सर्वांच्या नेहमीच्या औषधोपचारांच्या जोडीला सुया होत्या, आणि मोजली गेली ती कळ किती वेळा आली याची संख्या. रक्तवाहिनीतला अडथळा विरघळला, झटका टळला, माणूस वाचला, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. शिवाय सुया टोचणाऱ्याला आपण खऱ्या टोचतो आहोत की खोट्या, हे ठाऊक असतेच, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भरवसा रुग्णाला वाचता येतो. काचेखाली पहिलेच पान होते, पुढची पाने नव्हती.

एंजायनाच्या बाबतीत खोट्या उपचाराशी ही तुलना का लागते, हेही विचारू नये. छातीतल्या दोन धमन्यांना गाठ मारली की हृदयाला जास्त रक्त मिळते, अशा समजुतीने अमेरिकेत ही शस्त्रक्रिया एके काळी मोठ्या उत्साहाने होत असे आणि रुग्णही बरे वाटल्याचे सांगत. १९५९ साली काही डॉक्टरांनी निम्म्या रुग्णांच्या छातीवर फक्त छेद घेतला, गाठ मारलीच नाही. त्यांनाही तितकेच बरे वाटले. ती शस्त्रक्रिया मग बंद पडली. ज्यांना आपण "स्टेंट विकणारे" म्हणून चहाच्या टपरीवर शिव्या देतो, त्यांनी २०१७ साली ब्रिटनमध्ये २०० रुग्णांवर स्वतःच्याच स्टेंटची, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीची, खोट्या स्टेंटशी तुलना केली. औषधे नीट चालू असलेल्या स्थिर एंजायनाच्या रुग्णांची व्यायामाची क्षमता स्टेंटने म्हणावी तशी वाढली नाही, आणि हे त्यांनी स्वतःच छापले. पुढे २०२३ साली एंजायनाची औषधे थांबवून पुन्हा तपासले, तेव्हा स्टेंट खोट्यापेक्षा सरस ठरला, तेही छापले. इतकी स्वतःची उलटतपासणी करणारी शिबिरे आपल्या जिल्ह्यात भरत असल्यास मला अवश्य कळवावे.

आणि हे सारे आपल्याला समजत नाही, अशातला भाग नाही. मृगाच्या आधी घरचे सोयाबीन आपण कसे तपासतो? ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. ७० च्या वर आले तर निर्धास्त पेरतो. न उगवलेले ४० दाणे खिशात घालून उरलेल्या ६० चा फोटो शेजाऱ्याला दाखवणाऱ्याकडून आपण पिशवीभर बी घेणार नाही. शिबिरात मात्र उगवलेले दाणे तेवढे व्यासपीठावर बसवले होते, हातात माइक देऊन, आणि खाली बसून टाळ्या वाजवणाऱ्यांत पंधरा एकर कोरडवाहू पिकवणारे जाणते शेतकरी होते. न उगवलेले कोठे आहेत, हे एकानेही विचारले नाही.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असल्यास सुया टोचणाऱ्याला सांगू नये. तोही विचारत नाही.

छातीच्या हाडावर खोल सुई घालून घेताना काही जणांच्या त्या हाडाला जन्मतःच भोक असते आणि त्यामागे हृदय असते, हे मनात आणून चित्त विचलित करू नये.

रोलर आंब्याच्या लाकडाचाच घ्यावा.

औषधांच्या बाबतीत शिबिराचा सल्ला शिरोधार्य मानावा. "शरीरातले केमिकल बाहेर पडल्याशिवाय ऊर्जा वाहणार नाही," असे अण्णांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आले आणि त्यांनी रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि ॲस्पिरिनची गोळी त्याच दिवसापासून सोडली. वहिनींना सांगितले नाही. तीन आठवड्यांनंतर गोळ्यांच्या डब्यात पाकिटे जशीच्या तशी सापडली.

आता मला हे सोंग पुढे चालवता येत नाही.

त्या दिवशी अण्णा सतरंजीवर बसले होते, ओठ पांढरे पडले होते, बनियन पिळून निघेल इतके भिजले होते, आणि संचालक मनगटाच्या घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या बेचक्यात अंगठा रोवून म्हणत होते, "दुखतंय ना? म्हणजे पॉइंट बरोबर लागला." अहो, दुखत छातीत होते! चाळीस मिनिटे! तालुक्याच्या कोणत्याही बऱ्या दवाखान्यात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढतात. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. १०८ ला फोन केला तर रुग्णवाहिकेचे पैसेही पडत नाहीत. तुम्ही सिटिंगचे पैसे मोजून घेता, उरलेल्या चार सिटिंगचा हिशेब ठेवता, आणि घामाघूम माणूस समोर बसलेला असताना "याला दवाखान्यात न्या" हे तीन शब्द तुमच्या तोंडून निघत नाहीत? स्थिर एंजायना असलेल्याने, गोळ्या चालू ठेवून, आपल्या डॉक्टरला सांगून सुया टोचून घेतल्या तर माझी हरकत नाही. झटका आलेल्या माणसाला सतरंजीवर बसवून ठेवणाऱ्याला मात्र लाज वाटली पाहिजे.

आणि ती मलाही वाटली पाहिजे. मी पदवीधर आहे, बाहेर माझी गाडी उभी होती, आणि संचालकांनी सांगितले म्हणून मी अण्णांचे दुसरे मनगट धरून बसलो होतो. पुतण्या आला, त्याने काही न विचारता अण्णांना उचलले. आता इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर घसरलेले दिसते आहे. दवाखान्यात त्यांचा सदरा उतरवला तेव्हा वरच्या खिशातून कळ आल्यास जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी खाली पडली. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी दिलेली. एकही गोळी काढलेली नव्हती.