रांगेतल्यांना मत नाही

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने एच-वन-बीच्या, म्हणजे मालकामार्फत मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसाच्या, नव्या अर्जावर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा मराठी घरांत दोन सूर लागले. ‘आमच्या हुशार मुलांवर अन्याय’ हा एक आणि ‘बरं झालं, आता येतील परत’ हा दुसरा. हे शुल्क अमेरिकेबाहेरून येणाऱ्यासाठी आहे. इथे अमेरिकेतच शिकून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर जाणाऱ्याला ते लागत नाही, हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. इकडचे सूरही दोनच: ‘हे आमच्या नोकऱ्या खातात’ आणि ‘यांच्यावाचून चालायचं नाही’. खरी गाठ व्हिसा आणि मालक यांच्यात आहे. तिला यातलं कुणीच हात लावत नाही.

अमेरिकन कामगाराची तक्रार खोटी नाही. एच-वन-बीवर माणूस ठेवायचा तर त्या भागातला त्या कामाचा प्रचलित पगार द्यावा लागतो. कामगार खातं तो चार पातळ्यांत मोजतं: साधारण 17, 34, 50 आणि 67 पर्सेंटाइल. पर्सेंटाइलची भाषा सीईटी दिलेल्या प्रत्येक घराला पाठ आहे. म्हणजे शंभर जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने उभं करा आणि सतराव्याच्या आसपासचा पगार द्या, की कायदा पाळला. कामाचं वर्णन जरा हलकं लिहिलं की अनुभवी माणूसही खालच्या पातळीत बसतो. 2020 मध्ये या पातळ्या एकदम वर नेल्या होत्या, पण लोकांची मतं न मागवताच. न्यायालयाने त्याच कारणाने तो नियम मोडीत काढला. 2026 पासून एच-वन-बीच्या सोडतीत चौथ्या पातळीच्या अर्जाला चार चिठ्ठ्या आणि पहिल्याला एक, असा हिशेब आला. दिशा बरोबर आहे, पण मार नुकत्याच एमएस झालेल्या पोरांना बसतो आणि पातळ्यांचं मोजमाप तसंच राहतं.

ग्रीन कार्डाकडे गेलं की गाठ आणखी आवळते. आधी मालक प्रचलित पगार ठरवून घेतो. मग दोन रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार केंद्रात 30 दिवस जागेची नोंद, वर आणखी तीन प्रकारे प्रसिद्धी. लायक अमेरिकन उमेदवार आला की प्रकरण तिथेच थांबतं. कंपनीने त्याच भागात, त्याच कामातली माणसं गेल्या सहा महिन्यांत काढली असतील तर आधी त्यांना विचारावं लागतं, म्हणून कपात झाली की वकील या फायली बाजूला ठेवतात. हे पार पडलं की पर्म, म्हणजे कामगार खात्याचा दाखला, मग आय-140, म्हणजे मालकाने कामगारासाठी केलेला अर्ज, आणि मग रांग.

रांगेचं गणित 1990 च्या कायद्यातलं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला 1,40,000, त्यांतच बायकामुलं धरलेली, आणि एका देशाला 7 टक्के. ईबी-2 मध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटात, भारताच्या वाट्याला मूळ हिश्श्याने 2,800 च्या आसपास येतात, बाकी इतरांचं उरलंसुरलं. 2025 मध्ये भारताची ईबी-2 ची तारीख 2012 आणि 2013 मध्ये रेंगाळत होती, म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांचा नंबर आत्ता येत होता. देश धरतात तो जन्माचा. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुबई-मस्कतचा असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आखातात जन्मलेली मराठी सून अशी अचानक भाग्याची ठरते!

आय-140 एकदा मंजूर झाला की मालकाने नंतर अर्ज मागे घेतला तरी रांगेतली तारीख राहते. पण नवा मालक पर्म पहिल्यापासून करतो. आणि नोकरी गेली तर हातात फार तर 60 दिवस. असा माणूस पगारवाढीसाठी भांडत नाही, आणि तो भांडत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनाचा पगारही दबून राहतो.

बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेतलेला कोयता ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाऊ शकत नाही, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामात. तुलना पगाराची नाही, बांधून घेण्याची आहे. पण इथे 7 टक्क्यांच्या मर्यादेला भेदभाव म्हणणारा माणूस पुण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘परप्रांतीयांना हाकला’ लिहितो, तेव्हा आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे तो विसरलेला असतो.

अमेरिकेच्या संसदेत हे सुटत का नाही? 2013 मध्ये सर्वंकष सुधारणा विधेयक सिनेटमध्ये 68 विरुद्ध 32 ने मंजूर झालं. प्रतिनिधीगृहाने ते मतदानाला घेतलंच नाही. 2019 मध्ये देशनिहाय मर्यादा काढणारं विधेयक प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 ने पास झालं, सिनेटने 2020 च्या डिसेंबरात वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्ही जुळवायला वेळ उरला नाही आणि सगळं बुडालं. पुढच्या निवडणुकीत त्याचा जाब विचारणारं कोण होतं? रांगेतला माणूस कर भरतो, सोशल सिक्युरिटी भरतो, पण मतदार व्हायला आधी ग्रीन कार्ड आणि मग साधारण पाच वर्षं. आणि जे पलीकडे पोचले त्यांतले बरेच जण ‘आम्हीही उभे होतो’ म्हणत दार लोटून घेतात.

मग मत उरतं ते गावचं. 2011 पासून परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नमुना 6-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येतं. मात्र मत टाकायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत न येता विरलं. ज्याचा व्हिसाचा शिक्का संपलेला आहे तो मतासाठी कोथरूडला आला, तर परतण्याआधी वकिलातीत मुलाखत लागते. डिसेंबर 2025 मध्ये समाजमाध्यमांच्या तपासणीमुळे त्या तारखा कित्येकांच्या तीन-तीन महिने पुढे ढकलल्या गेल्या. तितके दिवस खुर्ची रिकामी ठेवणारा मालक विरळा.