माझ्या माणसांवर लिहिताना

कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांकडून आणि मित्रमंडळींकडून दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "माझ्यावर लिही की एकदा!" आणि दुसरं, "हे आपल्यातच हं, कुठे लिहू नकोस." पहिलं म्हणणाऱ्याकडे लिहिण्याजोगं फारसं काही नसतं. दुसरं म्हणणाऱ्याने जे सांगितलेलं असतं, ते मात्र डोक्यातून जाता जात नाही.

"सर्व पात्रे काल्पनिक आहेत" ही ओळ पुस्तकात छापतात खरी, पण निव्वळ कल्पनेतून उभं राहिलेलं पात्र मला अजून भेटलेलं नाही. कुणाचं चालणं, कुणाचा राग, कुणाचं अर्धवट राहिलेलं शिक्षण त्यात उतरतंच. आणि उतरावंच. माझं म्हणणं एवढंच आहे की, ज्याच्यावर लिहितोय त्याच्या बाजूला जाऊन उभं राहता येत नसेल, तर त्याला कथेत ओढू नये.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सकडे मी यासाठी पुन्हा पुन्हा वळते. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले. त्याच सुमारास बारा वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवत होता. ही गोष्ट त्याने पुढे जवळपास कुणालाच सांगितली नाही. पण 'डेव्हिड कॉपरफील्ड' लिहिताना त्याच वडिलांवरून त्याने मिकॉबर रचला. कर्जात बुडालेला, तोंडभर बोलणारा, काहीतरी चांगलं घडेलच या भरवशावर दिवस काढणारा, आणि तरीही वाचकाला हवाहवासा. बापाचं सगळं माप त्याच्या पदरात घालायची आयती संधी होती. मुलाने त्याऐवजी हा माणूस सकाळी उठून पुन्हा उमेदीने बोलायला कसा लागत असेल, ते शोधलं. वडील १८५१ मध्ये वारले. म्हणजे कादंबरी पुरी झाली तेव्हा ते हयात होते.

त्याच्या आईची तर आणखीच वेगळी तऱ्हा. एका आधीच्या कादंबरीतली बडबडी मिसेस निकल्बी तिच्यावरूनच बेतलेली. आणि तिनेच मुलाला विचारलं, अशी बाई जगात असू शकते असं तुला खरंच वाटतं का? हे डिकन्सने स्वतः एका पत्रात लिहून ठेवलंय. माझाही अनुभव असाच आहे. ज्याचं घेतलं त्याला पत्ता नसतो, आणि ज्याचा विचारही केला नव्हता तो नातेवाईक "मला कळलं हो कोण आहे ते" म्हणून फोन करतो.

पण 'कॉपरफील्ड'मध्येच एक उलटी गोष्टही घडली. मिस माउचर नावाचं ठेंगण्या बाईचं पात्र त्याने ओळखीतल्या एका बाईंवरून घेतलं होतं. त्यांनी स्वतःला ओळखलं, त्या दुखावल्या आणि त्यांनी त्याला तसं कळवलं. कादंबरी महिन्यामहिन्याला हप्त्यांनी छापली जात होती, म्हणून पुढचं बदलणं हातात होतं. डिकन्सने बदललं. आधी जरा संशयास्पद वाटणारी माउचर पुढे भल्या मनाची निघते आणि डेव्हिडला बजावते की, शरीरातल्या उणिवेवरून मनातही उणीव असेल असं धरून चालू नकोस. लेखकाने दबावाखाली पात्र बदललं म्हणून काहींना हे खटकतं. मला नाही खटकत. त्या बाईंच्या पत्रामुळे कादंबरीला आधी नसलेली नजर मिळाली.

मैत्रीचं म्हणाल तर हार्पर ली आणि ट्रुमन कपोटी हे दोन अमेरिकन लेखक. अलाबामातल्या मन्रोव्हिल गावात दोघं लहानपणी शेजारी होते. ट्रुमनने आपल्या १९४८ च्या पहिल्या कादंबरीतल्या धीट मुलीत तिला आणलं, हार्परने १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधला डिल त्याच्यावरून घेतला. वयाच्या मानाने बुटका, गोष्टी रचून सांगणारा, घरात आपण कुणाला नकोसे आहोत हे कळलेला मुलगा. इतक्या मायेने पाहिला गेलेला हाच ट्रुमन पुढे १९७५ मध्ये श्रीमंत मैत्रिणींनी विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टी 'एस्क्वायर' मासिकात कथा म्हणून छापतो. बेब पेली त्याची जिवाभावाची मैत्रीण होती. तिने त्याच्याशी संबंध तोडले, आणि १९७८ मध्ये ती गेली तोवर ते जुळले नाहीत. आपण लेखक आहोत हे त्यांना माहीत नव्हतं का, असा त्याचा पवित्रा होता. मला हा पवित्रा मुळीच पटत नाही. समोरची बाई मित्रापाशी मन मोकळं करत असते, लेखकाला मुलाखत देत नसते.

मग घ्यायचं काय? माझी एक मैत्रीण फोनवर अवघड बोलणं चालू असलं की हाताला लागेल त्या कागदाचे बारीक चौकोन फाडते आणि बोलणं संपल्यावर ते एकावर एक नीट रचून ठेवते. ही लकब मी एका कथेत एका निवृत्त शिक्षकाला दिली. ती त्याच्या हातात गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की, हा माणूस चिडलेला नाही, घाबरलेला आहे. मैत्रिणीचं त्या फोनवरचं बोलणं मात्र मी घेतलं नाही, त्यात कितीही नाट्य असलं तरी. नाव, गाव, व्यवसाय बदलला की झालं, असं पुष्कळजण मानतात. घरची माणसं नावाने ओळखतच नाहीत, ती अशा चौकोनांवरून ओळखतात.

मुलांच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. इंग्रज लेखक ए. ए. मिल्नने १९२६ च्या 'विनी-द-पू' या अस्वलाच्या गोष्टींत आपल्या मुलाचं, क्रिस्टोफर रॉबिनचं, नाव तसंच्या तसं वापरलं. शाळेत त्या नावावरून त्याला छळलं गेलं आणि मोठेपणी त्याने ती कटुता आत्मचरित्रात मांडली. लहान मूल हो म्हणालं तरी कशाला हो म्हणतंय हे त्याला माहीत नसतं.

छापायला देण्याआधी मी ती पानं त्या माणसाला वाचायला देते. काही लेखकमित्रांना हे भित्रेपणाचं वाटतं. पण त्यातून आजवर माझी एकही कथा पातळ झालेली नाही. उलट "मी असं म्हणाले नसते, मी गप्प बसले असते," असं माझी आत्या म्हणाली, आणि तिच्या त्या एका वाक्याने अख्खा प्रसंग सुधारला. गेलेल्या माणसांचं काय करायचं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. वडिलांवरची कथा लिहून झाली आहे. ती आधी भावाला वाचायला देणार आहे, कारण त्याच्या आठवणीतले वडील वेगळे आहेत.

कुणाच्या कथेत तुम्ही स्वतःला ओळखलंय का? तेव्हा काय वाटलं, हे मला खरंच ऐकायचंय.