अपडेट बंद ठेवून नक्की कोण वाचलं?

खाली ‘जनहितार्थ’ असा शिक्का मारलेला एक मजकूर ऑफिसांच्या आणि कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरत असतो. सारांश असा: १९ जुलै २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने जगभरचे संगणक बंद पाडले, ज्यांच्याकडे जुनं विंडोज होतं ते वाचले, तेव्हा ऑटो-अपडेट आजच बंद करा, चालत्या मशीनला हात लावू नका, आणि एका सर्व्हरवरून सगळीकडे सॉफ्टवेअर पाठवण्याचा नाद सोडून जे टाकायचं ते एकेका मशीनवर हाताने टाका. घटना खरी आहे. इलाज मात्र रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

मुळात ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं फाल्कन नावाचं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळी यंत्रणा चालवणाऱ्या गाभ्यात, बसून हल्ल्यांवर नजर ठेवतं. नव्या हल्ल्यांच्या खुणा सांगणारी त्याची एक छोटी फाइल, क्रमांक २९१, त्या शुक्रवारी आपल्याकडे सकाळचे ९.३९ झालेले असताना सुटली. फाइल २१ रकान्यांच्या हिशोबाने केलेली, आणि फाल्कनचा कोड पुरवत होता २०च. एकविसावा शोधायला गेलेला कोड हद्दीबाहेरची मेमरी वाचू लागला. हा घोळ साध्या प्रोग्रॅममध्ये झाला असता तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडला असता. कर्नलमध्ये झाला की थेट निळा स्क्रीन. १०.५७ ला फाइल मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख यंत्रं पडली होती. जगातल्या एकूण विंडोज यंत्रांच्या मानाने हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. ज्यांच्याकडे फाल्कन नव्हतं, त्यांचं विंडोज अपडेट चालू असो की बंद, त्यांना या फाइलने धक्काही लागला नाही. इंडिगोचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास सगळ्यांनी पाहिले. पण त्याच दिवशी रिझर्व्ह बँकेने सांगितलं की फक्त दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाला, कारण हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बँकाच आपल्याकडे मोजक्या. (त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेच्या अमेरिकेतल्या एका विभागात वेगळाच बिघाड झाला होता. दोन्ही बातम्यांची खिचडी झाली ती अजून निवडली गेलेली नाही.)

जुन्या विंडोजचा पुरावा म्हणून साउथवेस्ट या अमेरिकी विमान कंपनीचं नाव येतं. ती म्हणे अजून विंडोज ३.१ वर चालते. १९९२ सालच्या! ही एका ट्वीटवरून पिकलेली कंडी. साउथवेस्टचं खरं दुखणं आधीच चव्हाट्यावर आलं होतं: डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात तिची कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावणारी यंत्रणा कोलमडली, १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि पुढच्या वर्षी सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोकला.

तरी या मुद्द्यात एक तथ्य आहे, ते दडवण्यात अर्थ नाही. फाल्कनच्या ७.११ च्या आधीच्या आवृत्त्या त्या दिवशी पडल्या नाहीत. पण ७.११ आली होती फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे वाचायचं तर पाच महिने मागे राहायला हवं होतं. ‘आम्ही मुद्दाम एक आवृत्ती मागे राहतो’ असं धोरण ठेवलेल्यांनाही ती फाइल मिळालीच, कारण ते धोरण आवृत्त्यांना लागू होतं, अशा फाइलींना नाही.

आता पाच महिने मागे राहण्याची किंमत बघा. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला. वॉनाक्राय आला १२ मे ला. मध्ये ५९ दिवस गेले. तेवढ्या अवधीत ज्यांनी मशीनला हात लावला नाही, त्यांची पडली: दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्यांसकट. आणि ही काही सगळी जुन्या विंडोज एक्सपीची खटारी नव्हती. बहुसंख्य यंत्रं विंडोज ७ ची होती, त्यांच्यासाठी पॅच फुकट उपलब्ध होता, टाकलेला नव्हता इतकंच.

दीडच महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. हे प्रकरण आपल्या दाराशी घडलेलं. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं, कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच गेली आणि कामं हाताने रेटावी लागली. मजकूर लिहिणारा इथे मला पकडू शकतो: नॉटपेट्या शिरला तोच मुळी एका अपडेटमधून, युक्रेनमधल्या एम-ई-डॉक या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या. बरोबर आहे. पण शिरल्यावर तो पसरला कसा? एक वाट वॉनाक्रायवालीच, मार्चमध्ये बुजवता आली असती अशी. दुसरी जास्त कामाची: एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि तो बाकीच्या मशीनवर चालवायचा. सगळीकडे एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल, तर पॅच टाकलेली मशीनही गेली. मर्स्कला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले, दहा दिवसांत. अपडेट बंद ठेवल्याने यातली कुठलीच वाट बंद होत नाही. कुठल्या मशीनवर काय आहे आणि अ‍ॅडमिन कोण आहे याची यादी जवळ असेल, तर निदान दोन्ही वाटा दिसतात.

हाताने टाकण्याच्या सल्ल्यातली गंमत अशी की जुलै २०२४ मध्ये जगाने नेमकं तेच केलं. पडलेली मशीन नेटवर्कवर येईचना, त्यामुळे दुरून दुरुस्ती शक्य नव्हती. माणूस मशीनसमोर बसणार, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करून, जाणार, २९१ आकड्याची फाइल उडवणार. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी किल्ली टाकायची, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर जपून ठेवली तोही निळा स्क्रीन घेऊन बसलेला. ज्यांच्याकडे यंत्रांची ताजी यादी आणि किल्ल्यांची वेगळी प्रत होती ते त्या धांदलीतून लवकर सुटले.

एका कळीवर सगळं बंद पडू शकतं ही भीती खोटी नाही. त्यावरचा उतारा टप्प्याटप्प्याने पाठवणं हा आहे: आधी चार मशीन, मग एक विभाग, मग बाकीचे. क्राउडस्ट्राइकने ती फाइल सगळ्यांना एकदमच पाठवली, चूक तिथे झाली. नंतर त्यांनी अशा फाइलीही टप्प्याने सोडायला सुरुवात केली आणि ग्राहकांना त्यावर ताबा दिला.

‘वर्षातून एकदा यादी केली की झालं’ अशी एक ओळही मजकुरात असते. यादी म्हणजे बहुधा डेड स्टॉक रजिस्टर, सामानाच्या नोंदीचं. त्यात संगणक असतो, संगणकात काय आहे ते नसतं. दुसऱ्या टोकाला ‘९८ टक्के मशीन अद्ययावत’ म्हणणारा हिरवागार तक्ता. तो ९८ टक्के कशाचे सांगतो? सर्व्हरशी बोलणाऱ्या मशीनचे. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढून ती सगळ्यांवर टाकलेली असते. मग डब्ल्यूएसयूएस या अपडेट वाटणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडची ओळखही सगळ्यांची एकच होते आणि अख्खी लॅब तक्त्यात एक मशीन म्हणून दिसते, दर वेळी वेगळ्या नावाने. विंडोजच्या रजिस्ट्रीतली, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीतली, ती ओळख पुसून नवी घ्यायला लावली की एकेक जण हजेरी लावतो. त्यातच कोणी डीप फ्रीझ, म्हणजे रीस्टार्टला मशीन होतं तसं करणारं सॉफ्टवेअर, घातलं असेल, तर दिवसा टाकलेलं अपडेट रीस्टार्टला गायब, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच डाउनलोड.

म्हणून तपासणी करायची तर रजिस्टर, राउटरने वाटलेले आयपी, डोमेनमधली (ऑफिसच्या सर्व्हरवर नोंदलेल्या मशीनची) नावं आणि अँटिव्हायरसचा तक्ता या चार याद्या शेजारी ठेवायच्या. त्या कधीच जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच काम असतं. राउटरला दिसतो पण अँटिव्हायरसला दिसत नाही असा पीसी आधी शोधायचा.

राहता राहिला खर्च. दहा-पंधरा मशीनच्या ऑफिसला सर्व्हर लागतच नाही. विंडोज प्रो मध्ये मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलायची सोय ग्रुप पॉलिसी या त्यातल्याच सेटिंगमध्ये आहे. दोन मशीनवर शून्य दिवस ठेवा: एक टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन असलेलं, एक ज्याच्यावरून सगळे प्रिंट काढतात ते. बाकीच्यांवर सात दिवस. त्या दोघांवर प्रिंटर रुसला तर आठवडा हातात असतो. आणि महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी या जीएसटी रिटर्नची घाई असेल, तर अपडेट तेवढ्यापुरतं थांबवायचं बटणही सेटिंगमध्येच आहे. रिटर्न गेलं की ते पुन्हा चालू करायचं.