पान ४१ वरचं पानिपत

आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर पुस्तकांचं दुकान आहे आणि हे मी आजवर चारचौघांत फार अभिमानाने सांगत आलोय, म्हणजे आत किती वेळा गेलास असं कोणी विचारेपर्यंत. दुकान एका काकूंचं आहे. काउंटरमागे टेबलफॅन, आणि मधली वाट इतकी अरुंद की कवितांच्या कपाटापाशी दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला माघार घ्यावी लागते नाहीतर कवितासंग्रह. इथे येणारी निम्मी पब्लिक कव्हरचा फोटो काढून ऑनलाइन भाव बघते, तेही काकूंच्या समोर. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, तरी "जीएसटी काढून किती पडेल?" असं विचारणारा एक गृहस्थ मी इथे डोळ्याने पाहिलाय. आता खोटं कशाला बोलू, आरशात पाहिलाय.

तर या काकूंची भाची इंग्लंडला असते. तिकडे १९९९ पासून लायब्ऱ्यांमधे उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी वाचनाचं चॅलेंज असतं, वय चार ते अकरा, पुस्तकं सहा. भाचीने हे फोनवर सांगितलं आणि काकूंनी ते आपल्याकडे आणताना सहाची आठ केली (आपली मुलं काय कमी आहेत का), जुलै-ऑगस्टचा एप्रिल-मे केला, आणि वयाची अट काढून टाकली. पोरांना गुलाबी कार्ड, पालकांना निळं. २३ एप्रिलला, जागतिक पुस्तक दिनाचा मुहूर्त धरून, सगळी कार्डं दाराशेजारच्या भिंतीवर नावानिशी लागली. पुस्तक वाचून झालं की काकूंना त्याबद्दल तोंडी सांगायचं, मग त्या एका चौकोनात आंब्याचा शिक्का मारणार.

मी लेकीला सोडायला गेलो होतो हो फक्त. बाहेर स्कूटर डबलपार्क होती.

"नाव सांग," काकू निळं कार्ड हातात घेऊन म्हणाल्या.

"काकू, मला कुठे वेळ असतो..."

"अरे, ज्या गावात १८४८ साली लोकहितवादींनी खटपट करून लायब्ररी काढली त्या गावातला ना तू?"

आता यावर काय बोलणार. पुण्याचं नगर वाचन मंदिर माझ्या पणजोबांच्याही आधीचं आहे, तिथे वाचणाऱ्या लोकांचं कर्ज मी का फेडावं हा प्रश्न मला नेहमीप्रमाणे घरी पोचल्यावर सुचला.

लेक सुटलीच. पहिल्या आठवड्यात तीन आंबे. मग तिने माळ्यावरून 'किशोर'चे जुने अंक काढले, हे मासिक बालभारती १९७१ पासून काढतेय आणि आमच्या माळ्यावर त्यातलं बरंच आहे, आणि प्रत्येक अंकाचा एक शिक्का मागायला गेली. काकूंनी मासिक चालत नाही म्हणून परत पाठवली. घरी येऊन म्हणते, बाबा, कमिटीने रिजेक्ट केलं. कमिटी म्हणजे काकू आणि टेबलफॅन.

मी मात्र डोकं लढवून पुस्तक निवडलं होतं. पानिपतावरची साडेसहाशे पानी कादंबरी. लॉजिक असं की शेवट मला आधीच माहितीये! १४ जानेवारी १७६१, पुढचं मराठी माणसाला सांगायला लागत नाही, म्हणजे वेळ पडली तर न वाचताही बोलता येईल. पण ती कादंबरी वाचायची कशी हे कोणी सांगत नाही, छातीवर ठेवली की दम लागतो, पोटावर ठेवली की श्वासाबरोबर वरखाली होते आणि दोन मिनिटांत झोप लागते, कुशीवर वळून वाचावं तर डावं पान बघायला उशीवरून मान उचलावी लागते, आणि या सगळ्यात रात्री अकराला मॅच शेवटच्या ओव्हरमधे आलेली असते. मे उजाडला तेव्हा मी पान ४१ वर होतो. फौज अजून जिथून निघायचं त्या पटदूरलाच, आणि मला तर वाटत होतं तिने तिथेच थांबावं, सगळ्यांचंच भलं झालं असतं.

भिंतीवर माझं कार्ड कोरं. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड आजोबा पाच आंब्यांवर. सोसायटीत लिफ्टमधे लोक माझ्याकडे मेंटेनन्स थकवल्यासारखे बघायला लागले.

शेवटी एका शनिवारी मी काकूंपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, संपलं.

"अख्खं?" काकूंनी चष्मा वर केला. "कुंजपुऱ्याचं प्रकरण कसं वाटलं?"

कुंजपुरा. मला वाटलं होतं डायरेक्ट विश्वासरावांना गोळी लागली तिथून सुरुवात करतील.

"काकू, कुंजपुरा म्हणजे..." मी आवंढा गिळला, "तो वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही."

"का? तिथे तर आपण जिंकलो."

"तेच ना. पुढचं माहिती असल्यामुळे."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी आंबा मारला. लेक शेजारीच उभी होती आणि इतकी खूश झाली की तिने सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या, तेवढं मात्र लागलं मनाला.

पुढच्या रविवारी दुकानात पुस्तक अदलाबदल होती. एक आणा, एक न्या. सकाळी दहाला पोचलो तर आत शंभर वॉटच्या बल्बखाली पिकायला ठेवल्यासारखी माणसं, कोपऱ्यात सतरंजीवर पोरांना गोष्ट सांगणं चालू, गोष्ट सांगणाऱ्या ताई वाघाच्या डरकाळीपर्यंत आल्या की पंख्याखालचं एक तान्हं बाळ दचकून रडायचं आणि वाघाला थांबावं लागायचं. टेबलावर लोकांनी आणलेला माल बघण्यासारखा होता. वजन कमी करायची पुस्तकं चार, त्यातल्या दोनवर आमरसाचे डाग. जुन्या सिलॅबसचं दहावीचं गाइड. आणि मुंजीत आलेलं एक संस्कारांचं पुस्तक, जे कव्हरवरून तरी मुंजीनंतर कोणी उघडलेलं नव्हतं. मी घरून एक कम्प्युटर शिकायचं पुस्तक आणलं होतं, सोबत फ्लॉपी असलेलं, त्याला मी दुर्मिळ म्हणत होतो.

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडे मला ओळखीचा जाडजूड कणा दिसला.

"हे इथे कसं आलं?" मी लेकीला खालच्या आवाजात विचारलं.

"तुझं वाचून झालं ना बाबा," ती म्हणाली. "मीच आणलं."

मी हात पुढे करेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पुस्तक उचललं होतं. त्यांनी ते उघडलं, वास घेतला, पानं फर्रकन सोडली, आणि आतून एक कागद तरंगत खाली आला. लाइट बिल. आजोबा बँकेत होते, कागद दिसला की वाचायचा ही त्यांची जन्माची सवय, आणि कानाला मशीन असल्यामुळे आवाज खणखणीत. माझं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "तीनशे चाळीस युनिट? एसी घेतला का रे?"

"आजोबा, बिल द्या."

"बेचाळीसच्या अलीकडे होतं," ते काकूंना म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "पुढची पानं अगदी कोरी करकरीत आहेत हो, चिकटलेलीसुद्धा आहेत दोन."

वाघ थांबला. बाळही थांबलं. पानिपतानंतर पेशव्यांना पत्र आलं म्हणतात, दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. माझा नुसता खुर्दा गेला, पण चिल्लर पडल्यावर आवाज जास्त होतो.

काकू काही बोलल्या नाहीत. भिंतीपाशी गेल्या, माझं निळं कार्ड काढलं, आंबा खोडला नाही, फक्त त्याच्याखाली पेन्सिलने बारीक अक्षरात 'पान ४१' लिहिलं आणि कार्ड परत लावलं, यावेळी जरा वर, डोळ्यांच्या लेव्हलला. लेकीने पूर्ण दिवस माझ्याशी अबोला धरला. रात्री येऊन एवढंच विचारलं, कुंजपुऱ्याला खरंच आपण जिंकलो होतो का.

आता रोज सकाळी लिफ्टमधे आजोबा भेटतात. "भाऊ नर्मदा उतरले," असं एकदा म्हणाले, गुड मॉर्निंगच्या ऐवजी. मग आठवड्याने दिल्ली. परवा कुंजपुरा पडला तेव्हा मी तळमजल्यावर न उतरता त्यांच्याबरोबर परत वर गेलो, कारण मधेच सोडवेना. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ऐकलेलं चालत नाही. बिल मी मोबाइलवरूनच भरून टाकलं, कागद अजून आजोबांकडे आहे, खूण म्हणून वापरतात. सध्या पान ३१२.