सायलेन्सर बदलला अन् म्हणे इंजिन गेलं

आज डोकं फिरलंय म्हणून लिहून राहिलो, लंबं होईल.

दुपारी गॅरेजवर आमच्या गावाकडचा एक पोरगा आला. २०१८ ची पेट्रोल गाडी, सेकंडहँड घेतलेली. तिच्यावर तो दारव्ह्याहून यवतमाळला पेशंट नेतो, लग्नसराईत वऱ्हाडाला लावतो, घर तिच्यावरच चालते, कारण कापसाच्या भावाचं तुम्हाला मी काय सांगू. मागचा सायलेन्सर सडला होता तेवढाच बदलायचा होता. शहरातल्या एका दुकानात त्याला सांगितलं की पुढचा पाईप पण काढ, पिकअप वाढते, अन् कॅटसकट (कॅट म्हणजे धूर साफ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) सगळं उतरवून सरळ पाईप ठोकून दिला. तेव्हापासून गाडी सकाळी स्टार्ट केली की टिकटिक करते, न्यूट्रलला थरथरते, अ‍ॅव्हरेज पार पडलं, चेक लाईट पेटलेली. परत नेली तर म्हणे सेन्सर गेला. सेन्सर बदलला, दोन दिवसांनी लाईट पुन्हा हजर. आता म्हणतात ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर गेला, अठरा हजार लागतील. "काका, गाडी इकून टाकू का?" म्हणे.

अरे बापा, पाईप बदलायच्या आधी गाडी ठणठणीत होती ना? मग इंजिनाले हात लावायच्या आधी पाईप पाहायचा, एवढी साधी गोष्ट आहे.

संध्याकाळपर्यंत गाडी उभी ठेवली, थंडी होऊ दिली. मग स्टार्ट केली, हेल्परला ओला बोळा मागच्या पाईपाच्या तोंडाशी धरायला लावला आणि मी मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर काढणारा पहिला भाग) खालच्या जोडावर साबणाचं पाणी मारलं. फसफस बुडबुडे! जोड खोलला तर पॅकिंग (जोडाच्या मधातली चकती) जुनंच, चेंबलेलं, तेच परत दाबून बसवलेलं, अन् फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या कडेवर, एका बाजूला काजळीचा काळा पट्टा, बोटाएवढा, म्हणजे धूर तिथूनच निघत होता. असा पट्टा दिसला की स्कॅनर (बिघाडाचा कोड दाखवणारं मशीन) नंतर लावा, आधी पाना घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मधात पाईपमध्ये ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, ईसीएमला वाटते पेट्रोल कमी पडून राहिलं, तो अजून पेट्रोल सोडते. म्हणून अ‍ॅव्हरेज गेलं, म्हणून प्लग काळेकुट्ट, म्हणून स्कॅनरवर पी ०१७१, म्हणजे हवा जास्त अन् पेट्रोल कमी असा कोड. सेन्सर तर इमानदारीनं जे दिसलं ते सांगत होता! त्यालाच काढून फेकला अन् पोराकडून नव्याचे पैसे घेतले. गरम झाल्यावर लोखंड फुगते, फट थोडी मिटते, टिकटिक कमी होते, म्हणून दुकानवाला म्हणतो "आवाज तर येऊन नाही राहिला". थंड्या इंजिनावर ऐक ना बावा!

दुसरा कोड पी ०४२० होता. तो येणारच, कारण मागचा सेन्सर कॅटचं काम तपासतो आणि कॅटच जागेवर नाही. त्याच्यावर दुकानाचा इलाज काय, तर रिमॅप करून, म्हणजे ईसीएमचा प्रोग्रॅमच बदलून, लाईट बंद करून देतो, वेगळे पैसे.

मान्य आहे, ओरिजनल पार्ट महाग पडते, गरीब माणूस कुठून आणेल, अन् बाहेरचा चांगला सायलेन्सर नीट बसवला तर काही बिघडत नाही, मी पण बसवतो. पण नवं पॅकिंग टाकून, स्टड सारखे कसून, सेन्सरची वायर गरम पाईपापासून दूर बांधून. तेवढंही ज्याले जमत नाही त्यानं पाना खाली ठेवावा.

आता ज्यानं खरंच तळपायाची आग मस्तकात गेली ते सांगतो. मी पोराला विचारलं, जुना कॅट कुठी हाय? म्हणे, "त्यायनं ठेवून घेतला, भंगार हाय म्हणे." भंगार?! त्याच्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते, त्याचे पैसे येतात म्हणूनच तर काढायची एवढी घाई! पोराचा माल पोराच्या गाडीतून काढला, वरून त्याच्याकडूनच पैसे घेतले. उद्या रस्त्यावर आवाजासाठी अन् धुरासाठी पकडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, लायसन पण तीन महिने जाते, अन् ते सगळं भरणार कोण? गाडी चालवणारा पोरगा. दुकानवाला तर तेव्हा ओळख पण देणार नाही.

पोरगा तसा चांगला आहे हो. रात्री-बेरात्री कोणाच्या पोटात दुखलं तरी गाडी काढते, पैसे नंतर दे म्हणते. अशा माणसाला लुटताना हात कसा धजतो?

पॅकिंग टाकून दिलं, टिकटिक गेली, न्यूट्रल शांत झालं, पी ०१७१ खोडला. पी ०४२० मी खोडला नाही, लाईट पेटू देणार, कॅट बसेपर्यंत. उद्या सकाळी त्याच्यासोबत त्या दुकानात जातो जुना कॅट मागायला. तिकडे नाही भेटला तर अमरावती, नागपूर, अकोला कुठंही कोणाकडे २०१८ च्या बीएस-४ (धुराच्या नियमाचा तेव्हाचा टप्पा) पेट्रोल गाडीचा चांगला ओरिजनल पुढचा पाईप कॅटसकट असेल, बिलावाला, तर इनबॉक्स करा. भाव नीट लावा, पोट्ट्याच्या हातात आता जास्त पैसे नाहीत.