एक क्विंटल गहू आणि टू बीएचके

ठाण्यात नवा फ्लॅट दाखवताना बिल्डरचा माणूस जिम दाखवतो, क्लबहाऊस दाखवतो, येऊरचा डोंगर तर दोन-दोन खिडक्यांतून दाखवतो. शंभर किलो गहू कुठे ठेवायचा हे विचारलं की मात्र तो नुसता हसतो. त्याचं बरोबर आहे. दहा मिनिटांत पाच किलो आटा दारात येतो त्या शहरात असले प्रश्न विचारायचे नसतात. पण एप्रिल लागला की वर्षाचं धान्य भरल्याशिवाय ज्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही, असा एक पंथ इथे अजून टिकून आहे. मी त्याच पंथातला.

आधी जागेचा हिशेब. गहू लिटरला साधारण पाऊण किलो बसतो. म्हणजे एक क्विंटलला १३० लिटरच्या आसपास जागा हवी. तांदूळ, तूरडाळ वेगळी. थोडक्यात, जूनपासून एक जावई कायमचा मुक्कामाला आला असं धरून चाला. त्याला उघड्या फरशीवर बसवायचं नाही, भिंतीला टेकू द्यायचं नाही, बाथरूमच्या शेजारची खोली द्यायची नाही, आणि पावसाळी हवा तर अजिबात लागू द्यायची नाही.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही. ऑस्ट्रिया-जर्मनीत लोक हिवाळ्याआधी घर तापवायला लाकडी पेलेट भरून ठेवतात. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, बहुधा १५ किलोच्या पिशव्यांत. स्वतंत्र घर असेल तर वर्षाला चारेक टन सहज लागतात. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा १० टक्क्यांच्या आत असतो आणि तो तसाच राखावा लागतो, म्हणून पिशव्या फळ्यांवर रचायच्या, भिंतीपासून लांब. पाणी लागलं की कांडी फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. कितीही वाळवला तरी त्याची कांडी होत नाही. वर सुट्या पेलेटच्या बंद कोठारात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्यामुळे आत पाय टाकण्याआधी हवा खेळवावी लागते. एवढं सगळं सांभाळतात बिचारे. पण त्यांना तळघर असतं. आपल्याला बॉक्स बेड.

गहू जांभळी नाक्यावरून घ्या नाहीतर वाशीच्या दाणा मार्केटमधून, दुकानदाराचं वाक्य एकच: "साहेब, एकदम कोरडा माल." ते खरं की खोटं हे दातांना विचारावं. दाणा दाढेखाली धरून चावायचा. कट्‌ आवाज येऊन दोन तुकडे झाले तर ठीक. चपटा होऊन दबला तर तो गहू आपल्यासोबत पाणीही विकत देतोय. दुसरी परीक्षा मिठाची. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर गहू आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या घरात आहे, माल परत. आपल्याला हवा १२च्या आत. दुकानात बाटली खुळखुळवत उभं राहिलं की मालक आपल्याला सरकारी इन्स्पेक्टर समजून चहा मागवतो, हा वरचा फायदा.

आता ऊन. ऊन गच्चीवर असतं आणि गच्चीला कुलूप असतं. वॉचमन म्हणतो सेक्रेटरींना विचारा, सेक्रेटरी म्हणतात वॉटरप्रूफिंग खराब होईल. गहू वाळवल्याने वॉटरप्रूफिंग कसं खराब होतं हे सोसायटीच्या कुठल्याही सभेत आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. किल्ली मिळालीच तर सोलर पॅनेल, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्यामधून जी चादरभर जागा उरते ती आपली. खाली सुती चादर किंवा जुनी साडीच हवी. प्लॅस्टिकवर तळाचा ओलावा जाग्यावरच अडकतो. थर दोन बोटांपेक्षा जाड नको, आणि तासातासाला हात फिरवायचा. सकाळची हवा दमट, म्हणून अकराच्या आधी पसरण्यात अर्थ नाही. चार वाजता उचलायचं. असं दोन-तीन दिवस. राखण करायला माणूस बसवावा लागतो, कारण ठाण्यातल्या कबुतरांना सोसायटीचे नियम लागू नाहीत. घोडबंदर रोडकडे राहत असाल तर भरण्याआधी एकदा चाळूनही घ्या, तिथली धूळ गव्हाबरोबर फुकट मिळते.

गव्हात आधीच सोंडे असतील तर उन्हात एक प्रेक्षणीय प्रकार घडतो. चटका बसला की ते दाण्यांच्या ढिगातून वर येतात, चादरीच्या काठाला लागतात आणि सावलीच्या दिशेने शिस्तीत चालू पडतात. सावली बहुतेक वेळा शेजारच्या काकूंच्या पापडाखाली असते. पुढचं संभाषण इथे देता येणार नाही.

पण गेले ते दिसणारे. मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि ते भोक लिंपून टाकते. अळी आतला गर खात वाढते आणि आपल्याकडच्या उकाड्यात महिन्याभरात पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. म्हणजे कोठीत पहिला सोंडा दिसतो तेव्हा त्याचं कुटुंब आधीच रांगेत असतं. शंका असेल तर मूठभर गहू पाण्यात टाका, पोखरलेले दाणे तरंगतात.

उन्हातून आणलेला गहू गरमागरम भरू नये. रात्रभर पंख्याखाली पसरून गार होऊ द्यावा, नाहीतर झाकणाला आतून घाम फुटतो आणि नेमका वरच्या थरावर ठिबकतो. तांदळाला कडक ऊन दाखवायचंच नाही. दाण्याला चिरा जातात आणि शिजताना कणी होते. त्याला सावलीतली कोरडी हवा पुरते.

उपायांच्या बाबतीत प्रत्येक घराण्याची गादी वेगळी. तूरडाळीला एरंडेल, किलोला छोटा चमचाभर, हाताने नीट चोळलेलं: हे खरंच चालतं. कडुलिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवलेला असेल तर चालू द्या, ओला टाकाल तर आपणच ओलावा आत नेला. लाल मिरच्या आणि लसूण यांनी किडे किती पळतात याबद्दल माझ्या मनात संशय आहे. पोळीला वास मात्र लागतो. बोरिक पावडर ही खाण्याची वस्तू नाही. पाऱ्याच्या टिकड्या तर नकोतच. आणि कुणी ओळखीतून 'धान्यात टाकायची गोळी' आणून दिली तर इथे विनोद थांबवतो. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद फ्लॅटमध्ये झोपलेली माणसं त्याने मरतात, आणि घरात ती वापरायला परवानगीच नाही.

माझं मत विचाराल तर सगळी मदार कोरडेपणावर आणि झाकणावर. पत्र्याची एकच मोठी कोठी दिसायला रुबाबदार, पण रोज उघडली की रोज जुलैची हवा आत. उघड्यावर राहिलेला गहू ती शोषून १५-१६ टक्क्यांच्या पुढे सहज जातो, आणि १४च्या वर बुरशीचं राज्य सुरू होतं. त्यापेक्षा घट्ट झाकणाचे दहा-पंधरा किलोचे डबे काठोकाठ भरा आणि एका वेळी एकच उघडा. बंद डब्यात उरलीसुरली हवा किडेच वापरतात आणि गुदमरतात. अर्ध्या भरलेल्या डब्यात त्यांना हवा पुरून उरते. डबे लाकडी फळीवर ठेवायचे, भिंतीपासून चार बोटं लांब. बाहेरच्या ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिच्या वाटेला जायचंच नाही. बॉक्स बेडचा मोह होतोच. ठेवाच, पण पंधरा दिवसांनी गादी उचलायची तयारी असेल तर. माळ्याबद्दल बोलायलाच नको: वर चढवणारे पुष्कळ भेटतात, ऑगस्टमध्ये खाली उतरवायला कुणीही नसतं.

श्रावणात अधूनमधून डब्यात कोपरापर्यंत हात घालून बघावा. मध्यभागी गहू कोमट लागला तर आत किडे किंवा बुरशी कामाला लागली आहे. नुसते किडे असतील तर चाळा, ऊन नसेल तर थोडा थोडा गहू पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. कुबट वास किंवा हिरवट-काळी बुरशी असेल तर टाकून द्या. दळून-भाजून बुरशीचं विष जात नाही, घरात कुणीही कितीही हळहळलं तरी.

पुढच्या वर्षीचा गहू जुन्यावर ओतू नका. डब्याच्या तळाच्या सांध्यात अडकलेले चार दाणे म्हणजे सोंड्यांचं माहेर. ब्रशने खरवडून, गरम पाण्याने धुऊन, दिवसभर उन्हात उपडे घालून मगच भरा. म्हणजे गच्चीवर एक दिवस जास्तीचा लागणार. किल्लीसाठी फेब्रुवारीतच नंबर लावा, पापडवाल्या काकूंचा जानेवारीतच लागलेला असतो.