‘क्लासवाल्यांचा पाल्हाळ’ म्हणणाऱ्या वाचकास

एन्झाइमांच्या पत्त्यांवरच्या (म्हणजे पेशीतल्या कुठल्या कप्प्यात जायचं ते सांगणाऱ्या खुणांवरच्या) माझ्या लेखाखाली एका निनावी वाचकानं लिहिलंय, "एन्झाइम पेशीत कुठंही असलं तरी अभिक्रिया तीच होते. पत्ताबित्ता म्हणजे लातूरच्या क्लासवाल्यांचा पाल्हाळ. लायसोसोमचं अर्धवट सांगितलंय, आकृती दिसत नाही. आधी शिकून या."

साहेब, मतभेद असू द्या, पण ही बोलायची कुठली रीत? क्लासवाले म्हणून नाक मुरडायचं आणि नीटची परीक्षा जवळ आली की पोरांसाठी आमच्याच नोट्स मागायच्या, हे आम्ही दरसाल बघतो. मी परळीकडच्या खेड्यातला. अकरावीला आम्हाला जीवशास्त्राला मास्तरच नव्हते. दुसऱ्याच्या पुस्तकावर बटर पेपर ठेवून मायटोकॉन्ड्रियाच्या घड्या गिरवल्यात मी. शिकून कसं येतात ते मला सांगू नका.

आता तुमचं ते ‘कुठंही असलं तरी’. यकृतात एजीटी (अ‍ॅलानीन-ग्लायॉक्सिलेट अमिनोट्रान्सफरेज) नावाचं एन्झाइम आहे. पेरॉक्सिसोम नावाच्या पेशीतल्या छोट्या कप्प्यात बसून ते ग्लायॉक्सिलेट या पदार्थाचं ग्लायसीन करतं. काही रुग्णांत त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत दोन बदल असतात: 11व्या जागी प्रोलीनऐवजी ल्यूसीन, 170व्या जागी ग्लायसीनऐवजी आर्जिनीन. पहिल्या बदलानं साखळीच्या सुरुवातीला मायटोकॉन्ड्रियाचा कच्चा पत्ता उमटतो. एवढ्यानं फारसं बिघडत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या दारातून उलगडलेली साखळीच आत जाते, आणि एजीटीचे दोन रेणू त्याआधीच घडी होऊन जोडी जमवतात. पेरॉक्सिसोमला मात्र घडी झालेली जोडीही चालते. दुसरा बदल सोबत आला की जोडी जमायला उशीर होतो आणि तेवढ्यात सुमारे 90 टक्के एजीटी मायटोकॉन्ड्रियात ओढलं जातं. लंडनच्या ख्रिस्तोफर डॅनप्युअर यांच्या गटानं हे चुकीच्या कप्प्यात जाणं 1989 मध्ये दाखवलं.

तिथं गेलेलं एजीटी मेलेलं नसतं बरं का, काम करायची धमक त्यात असते. पण ग्लायॉक्सिलेट राहिलं पेरॉक्सिसोममध्ये! मग त्याचं ऑक्सलेट होतं, ते कॅल्शियमला धरतं, मूत्रपिंडात खडे साठतात, पुढं मूत्रपिंडच निकामी होतं. काहींचं मूत्रपिंडासोबत यकृतही बदलावं लागतं, कारण मूळ दुखणं यकृतात. (आपल्याकडं उन्हाळ्यात होणारे मुतखडे बहुतेक पाणी कमी पडल्याचे, ते यात मिसळू नका.) अभिक्रिया ‘तीच’ होते म्हणता ना? मग हे खडे आले कुठून?

लायसोसोमचं, म्हणजे पेशीतल्या टाकाऊ माल पचवणाऱ्या कप्प्याचं म्हणाल, तर तिथल्या एन्झाइमांवरची मॅनोज-6-फॉस्फेटची पत्त्याची खूण लेखात आहे. काही एन्झाइमं त्या खुणेशिवायही तिथं पोचतात, पण ते पदवीच्या पोरांना सांगायचं, बारावीच्या नाही. आकृती मोबाइलवर पुसट दिसते हे खरं, बदलतो.

आणि पुढच्या खेपेला खाली नाव टाका. निनावी माणसाशी एवढं बोललो तेच पुष्कळ झालं.